भीमथडीचा घोडा : उगम, परंपरा व जतन

ठाणे जिल्ह्यातील भातकापणी उरकून खळी मोकळी झाली, म्हणजे दिवाळीनंतरच्या दिवसांत घाटमाथ्यावरील धनगर मेंढपाळ आपले कळप घेऊन कोकणात उतरू लागतात. माळशेज व त्याच्या आसपासच्या घाटवाटांनी आलेले हे कळप मुरबाड, कल्याण, भिवंडी या भागांतील रिकाम्या खाचरांत बसविले जातात. मेंढ्यांच्या लेंड्या व मूत्र यांमुळे जमिनीस उत्तम खत मिळते, आणि त्याबद्दल मेंढपाळास पूर्वी धान्य व आता बहुधा रोख रक्कम मिळते. या कळपाबरोबर ओझ्याने लादलेली दोन-चार ठेंगणी घोडी चालत असतात. गावकऱ्यांचे लक्ष मेंढ्यांकडे असते. घोड्यांची ओळख 'धनगराचे तट्टू' एवढ्यावरच संपते.

वस्तुतः या तट्टांपैकी पुष्कळशी महाराष्ट्राच्या एका जुन्या व नामांकित अश्वजातीची वंशज आहेत. तिला भीमथडी किंवा दख्खनी घोडा असे म्हणतात. ही जात कोठून आली, तिचा लौकिक कशामुळे झाला, राजांच्या पागा मोडल्यानंतर ती कोणी राखली आणि आज तिच्यासाठी काय करणे अगत्याचे आहे, याची माहिती शेतकऱ्यांस व गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस असणे उपयुक्त आहे. कारण या जातीचे भवितव्य काही अंशी ठाणे-कल्याण भागातील गावांच्या हाती आहे.

बंदरातून घाटावर

महाराष्ट्राचे हवामान घोड्यांच्या मोठ्या पैदाशीस फारसे अनुकूल नाही. कोकणात पाऊस अतोनात व गवत निकस. देशावर पाऊस कमी व चारा तुटपुंजा. म्हणून येथील राज्यकर्त्यांना चांगल्या घोड्यांसाठी शतकानुशतके अरबस्तान व इराण या देशांवर अवलंबून राहावे लागले. हे घोडे गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत उतरत. ठाणे, चौल, दाभोळ ही त्यांपैकी प्रसिद्ध बंदरे होत.

तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो याने ठाण्याविषयी एक चमत्कारिक हकीकत नमूद केली आहे. ठाण्याच्या राजाचा समुद्रावरील चाच्यांशी करार होता. लुटीतील इतर सर्व माल चाच्यांनी ठेवावा, परंतु लुटलेल्या गलबतांवरील घोडे तेवढे राजास द्यावेत, असा तो करार होता. राजाजवळ घोडे नव्हते आणि हिंदुस्थानाकडे येणारी गलबते पुष्कळदा घोडे घेऊन येत, असे कारण मार्को पोलोने दिले आहे. सोन्यानाण्यापेक्षा घोड्याची मातब्बरी अधिक होती, हे यावरून स्पष्ट होते.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी समुद्रमार्गे एक घोडा घेऊन चौलास उतरला व तेथून जुन्नरला गेला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. तू धर्मांतर केलेस तर घोडा व वर एक हजार मोहरा देईन, असे सांगितले. अखेरीस एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने निकितिनला घोडा परत मिळाला. येथे घोड्यांना कडधान्य व साखर-तूप घालून शिजविलेली खिचडी खाऊ घालतात, असेही त्याने लिहून ठेवले आहे. घोड्याला माणसाच्या पंक्तीचा घास मिळत होता, इतके त्याचे मोल होते.

किनाऱ्यावर उतरलेला माल देशावर नेण्याच्या वाटा फार प्राचीन आहेत. कल्याण बंदरातून निघणारी वाट नाणेघाट चढून जुन्नरला जाते. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. त्यात अश्वमेध यज्ञांचा आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे इत्यादींचा उल्लेख येतो. जुन्नरजवळून कुकडी नदी वाहते. ती घोड नदीस मिळते आणि घोड नदी भीमेस मिळते. अशा रीतीने कोकणची बंदरे व भीमेचे खोरे यांचा संबंध घाटवाटांनी जोडला गेला होता. त्या वाटांनी आलेले परदेशी घोडे व खोऱ्यातील काटक देशी तट्टे यांच्या संकरातून पुढे भीमथडीची जात तयार झाली, असे मानले जाते.

नावाचा अर्थ व जातीचा लौकिक

थड किंवा थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुका इंग्रजी अमदानीत होता. आजच्या दौंड व बारामती तालुक्यांचा प्रदेश त्यात मोडत असे. भीमा व नीरा या नद्यांच्या काठी पाणी व गवत बऱ्यापैकी मिळे, जमीन कोरडी व कठीण असल्यामुळे शिंगरांचे खूर मजबूत होत, आणि माळरानावर हिंडण्याची सवय असल्याने त्यांचा दम वाढे. दिसण्यात हा घोडा अरबी घोड्यासारखा देखणा नव्हे. तो बांध्याने ठेंगणा, हाडापेराने घट्ट, थोड्या चाऱ्यावर राहणारा व पायाचा पक्का असतो.

मराठ्यांच्या युद्धपद्धतीस नेमका असाच घोडा हवा होता. जड तोफखाना व मोठे बुणगे न बाळगता झपाट्याने मजल मारणे, शत्रूची रसद तोडणे आणि डोंगराच्या आश्रयाने निसटणे, हे या पद्धतीचे सूत्र होते. सैन्यात बारगीर व शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिरास सरकारी पागेतील घोडा मिळे; शिलेदार स्वतःचा घोडा आणी. शिलेदाराचा घोडा त्याच्याच गावी, त्याच्याच दावणीस वाढलेला असे. यामुळे खेडोपाडी घोडी पाळण्याचा प्रघात पडला व शेतकऱ्याच्या घरी पैदास होऊ लागली. दसऱ्यास सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत आणि पावसाळ्यापूर्वी बहुधा छावणीस परतत.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हस्तगत केली. पुढे १७३७ च्या मार्च महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले आणि त्याच महिन्यात थोरल्या बाजीरावाचे स्वार दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकले. भीमथडीची तट्टे यमुनेचे पाणी प्याली, ही म्हण मराठीत रूढ आहे. तीमागील अभिमान या लहानशा घोड्याच्या दमावर उभा आहे.

पागा मोडल्यावर

सन १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली. शिलेदारांच्या फौजा मोडल्या व गावोगावच्या घोड्यांची मागणी एकाएकी घटली. इंग्रजी घोडदळास अधिक उंच घोडे हवे असत. त्यासाठी पुढे ऑस्ट्रेलियातून वेलर जातीचे घोडे मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. रेल्वेने दुसरा आघात केला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला, आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पार झाला. तट्टांच्या व बैलांच्या पाठीवरून चालणारी घाटवाटांची जुनी वाहतूक यानंतर ओसरू लागली.

राजाश्रय गेला, फौज गेली, व्यापारही गेला. अशा वेळी कोणतीही जात सामान्यतः नामशेष होते. भीमथडीची जात झाली नाही, याचे श्रेय मुख्यतः धनगर मेंढपाळांकडे जाते.

वाड्यावरचा घोडा

मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामास वाडा म्हणतात. पुणे, सातारा, सोलापूर, सांगली, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या भागांतून हे वाडे चाऱ्याच्या शोधात निघतात. दख्खनी मेंढीस कोकणचा पावसाळा सोसत नाही. सततच्या ओलीने तिचे खूर कुजतात. म्हणून पावसाळ्यात देशावर व पीक निघाल्यावर कोकणात, असा त्यांचा वर्षाचा क्रम ठरून गेला आहे. मृगाच्या आधी वाडे घाट चढून परत जातात.

या प्रवासात सर्व संसार घोड्याच्या पाठीवर असतो. चूल-भांडी, पीठमीठ, पालाचे कापड, मेंढ्या कोंडण्याचे जाळे म्हणजे वाघर, घोंगड्या, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि पुष्कळदा लहान मूलही त्याच ओझ्यावर बसलेले असते. पुरुष मेंढ्या चारीत चालतात. स्त्रिया घोडी लादून पुढच्या मुक्कामी जातात, पाल ठोकतात व स्वयंपाकास लागतात. म्हणून घोड्याची देखभाल व पारख यांत धनगर स्त्रीचा वाटा मोठा आहे. कोणती घोडी मुलाबाळांत गरीब, कोणती ओझे पाडते, कोणती घाटात बिचकते, हे तिला नेमके ठाऊक असते.

बैलगाडी घाटाच्या पाऊलवाटेने जाऊ शकत नाही. बैलास रवंथासाठी निवांत वेळ लागतो. घोडे वाटेवर मिळेल ते गवत खुडीत चालते. अशा रीतीने मेंढपाळाने आपल्या गरजेप्रमाणे निवड केली. शांत स्वभावाची, कमी खाणारी, कठीण खुरांची व दरवर्षी घाट चढउतार करणारी घोडी त्याने ठेवली. बाकीची बाजारात विकली. या निवडीची नोंद कोणत्याही वहीत नाही. ती वाड्यावरील घोड्यांच्या अंगी दिसते.

दूरदेशीचे एक उदाहरण

भटक्या लोकांनी घोड्याची जात घडविण्याचे व राखण्याचे उदाहरण युरोपातही आहे. तेथील रोमानी लोकांचे पूर्वज हजाराहून अधिक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या भाषेत आजही माणसास 'मनुष', कानास 'कान', पाण्यास 'पानी' व दोनास 'दुई' म्हणतात. या लोकांपैकी जे ब्रिटनमध्ये स्थायिक झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घोड्याने ओढावयाच्या घरवजा गाड्यांत राहू लागले. या गाडीसाठी त्यांना बळकट, ठेंगणा व मुलांनी हाकला तरी शांत राहील असा घोडा हवा होता. मोठे ओढकाम करणारे घोडे व डोंगरी तट्टे यांच्या संकरातून त्यांनी तो तयार केला. त्याची अयाळ दाट असून गुडघ्याखाली लांब केसांचे झुपके असतात. त्यात अबलख रंगाचे घोडे पुष्कळ आढळतात. आजचे त्याचे रूप बहुतांशी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात पक्के झाले.

इंग्लंडमध्ये ॲपलबी या गावी दरवर्षी जून महिन्यात भरणाऱ्या घोड्यांच्या जत्रेत हे लोक जमतात. त्यांच्या वंशावळी तोंडपाठ असत. लेखी नोंद नव्हती. त्यामुळे या घोड्यास पुष्कळ वर्षे 'जात' मानले गेले नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत त्याची पहिली नोंदणी संस्था स्थापन झाली. तेव्हापासून लेखी वंशावळ ठेवली जाऊ लागली, त्याची किंमत पुष्कळ वाढली आणि पूर्वी ज्यास हलके मानले जात होते तो घोडा अनेक देशांत नावाने ओळखला जाऊ लागला.

या उदाहरणावरून एक बोध घेण्यासारखा आहे. भटक्या पशुपालकाचे ज्ञान अस्सल असते, परंतु ते लिहून ठेवले नाही तर जगाच्या हिशेबात येत नाही. भीमथडीच्या घोड्याचेही असेच झाले होते.

शासकीय मान्यता

भारतात मारवाडी, काठियावाडी, झांस्कारी, स्पिती, भुतिया, मणिपुरी व कच्छी-सिंधी या अश्वजातींची नोंद पूर्वी झालेली होती. भीमथडीचे नाव इतिहासात गाजलेले असूनही त्या यादीत नव्हते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था जातींची नोंदणी करते. जातीची लक्षणे, तिचा प्रदेश व तिचा वेगळेपणा यांचा अभ्यास झाल्यावर २०२३-२४ मध्ये भीमथडीस स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली.

मान्यता मिळाली म्हणजे जात वाचली, असे मात्र नव्हे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील घोडे व तट्टे यांची संख्या सुमारे ३ लाख ४० हजार होती. २०१२ च्या मानाने ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. मोटार, टेंपो व ट्रॅक्टर यांनी घोड्याचे काम घेतले आहे. कित्येक वाडेही आता सामान टेंपोतून नेतात. ठाणे व कल्याण-डोंबिवली भागात तर आणखी एक अडचण आहे. ज्या खाचरांत पूर्वी मेंढ्या बसत तेथे आता इमारती, गोदामे व कारखाने उभे राहिले आहेत. माळ व गुरचरणे कुंपणांत गेली आहेत. जुन्या वाटेवरून अवजड वाहने धावतात. वाड्यास उतरावयास जागा उरली नाही तर तो येणार नाही. वाडा आला नाही तर शेतास खत मिळणार नाही व घोड्यासही काम उरणार नाही. ज्या जनावरास काम नाही त्याची पैदास फार दिवस कोणी करीत नाही.

मेंढपाळांनी घ्यावयाची काळजी

१. चांगल्या घोड्या विकू नयेत. बाजारात उंच घोड्यास अधिक किंमत येते म्हणून भीमथडी घोडीस परजातीचा वळू दाखविण्याचा मोह होतो. त्यापासून झालेले शिंगरू कदाचित उंच होईल, परंतु ते घाटवाटेस व तुटपुंज्या चाऱ्यास टिकेलच असे नाही.

२. एकच वळू घोडा त्याच्या मुलींवर व नातींवर वापरू नये. दोन-तीन वाड्यांनी आपसांत वळूंची अदलाबदल करावी. निकृष्ट नरांचे वेळीच खच्चीकरण करून घ्यावे.

३. घोडी सुमारे ११ महिने गाभण असते. शेवटच्या तीन महिन्यांत तिच्यावर जड ओझे घालू नये. शिंगरास जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच चीक पाजावा. तीन वर्षांच्या आत शिंगरावर ओझे लादल्यास त्याचे पाय व पाठ कायमची बिघडते.

४. ओझे दोन्ही बाजूंस सारखे असावे व खोगिराखाली जाड, कोरडी घडी घालावी. मुक्कामी पोचताच पाठ तपासावी. घोडा भुकेला असला तरी त्यास एकदम नवीन धान्य किंवा खळ्यावरील भात भरपूर खाऊ देऊ नये. त्यामुळे पोटशूळ होतो व खुरांसही अपाय होतो.

५. धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. कोकणात चावणाऱ्या माश्यांपासून सर्रा हा रोग पसरतो. थांबून थांबून येणारा ताप, अशक्तपणा, पाय व पोटाखाली सूज ही त्याची लक्षणे होत. नाकातून घट्ट स्राव व अंगावर गाठी-व्रण दिसल्यास ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसासही होतो. असे जनावर वेगळे बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावे.

गावाने व कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

गावात वाडा उतरला की त्यातील घोड्यांची नोंद करावी. घोडीचे वय, रंग, तिची आई कोठली, वळू कोणाचा, शिंगरे किती झाली, ही माहिती मेंढपाळाकडून व विशेषतः वाड्यावरील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून विचारून लिहावी. २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी नोंद प्रथमच घेण्यात आली. जो वाडा एका गावी राहत नाही त्याची मोजणी राहून जाते, हा जुना दोष दूर करण्याच्या दिशेने हे महत्त्वाचे पाऊल आहे. गावपातळीवरील नोंदींनी या कामास मोठी मदत होईल.

वाड्यास उतरण्याची जागा, पाणवठा व येण्याजाण्याची वाट ग्रामपंचायतीने ठरवून ठेवावी. मेंढ्या बसविण्याचा दर व दिवस आधीच ठरविले म्हणजे तंटे होत नाहीत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास वाड्याच्या मुक्कामाची तारीख कळविल्यास मेंढ्या व घोडी यांचे लसीकरण एकाच फेरीत होऊ शकते. पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यात म्हसा येथे भरणारी जत्रा बैलांच्या व घोंगड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी भीमथडी घोड्याविषयी माहिती देणे सहज शक्य आहे. सारंगखेडा, माळेगाव व अकलूज येथील घोडेबाजारांत उंच व उमद्या घोड्यांपुढे भीमथडीचे तट्टू मागे पडते. तेथेही त्याची जात म्हणून वेगळी ओळख झाल्यास मेंढपाळास योग्य किंमत मिळेल.

घोड्याच्या जातीचे रक्षण म्हणजे केवळ गतवैभवाचा अभिमान नव्हे. कमी चाऱ्यावर जगणारे, रोगराईस तोंड देणारे व कठीण वाटेस न डगमगणारे जनावर एकदा नाहीसे झाले की ते गुण पुन्हा सहजासहजी हाती येत नाहीत. बंदरातून आलेला हा वंश घाट चढून भीमेच्या काठी वाढला, फौजेबरोबर दिल्लीपर्यंत गेला, आणि फौज मोडल्यावर मेंढपाळाच्या पालाशी येऊन राहिला. भातकापणीनंतर तो आजही त्याच घाटाने कल्याणच्या बाजूस उतरतो. त्याला उतरावयास खाचर व प्यावयास पाणी मिळेल एवढी व्यवस्था गावाने केली, तर पुढील पिढीसही भीमथडीचा घोडा पाहावयास मिळेल.